कमळावर मात

पूर्णिमाकडच्या हळदीकुंकवाहून अरुणा घरी आली तेव्हा तिच्या हातात वाण होतं आणि तोंडात पूर्णिमाच्या नवऱ्याचं, जयेशचं नाव होतं. वाणाबद्दल सदानंद उपळेकरांची काही तक्रार नव्हती. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बहारीनच्या गुदैबिया भागातल्या मराठी बायका एकमेकींना वाण लुटत आणि दर वर्षी प्रत्येक घरात विसेक प्लास्टिकचे डबे वाढत. ते डबे कोणी कुणाला दिले हे पुढच्या वर्षी कोणालाच आठवत नसे, म्हणून सगळं सुरळीत चाललं होतं.

पण हा डबा नव्हता. अरुणाने तो सदानंदरावांच्या पुढ्यातल्या पेपरवरच ठेवला. लाकडी चॉपिंग बोर्ड होता. गडद लाकडात फिकट लाकडाचं आठ पाकळ्यांचं कमळ बसवलेलं होतं. सदानंदरावांनी त्यावरून बोट फिरवलं. सांधा लागला नाही. मग त्यांनी नख फिरवून पाहिलं. तरीही लागला नाही, तेव्हा मात्र त्यांना बरं वाटेनासं झालं.

"जयेशने स्वतः केलेत," अरुणा म्हणाली. "पंचवीस. तुमच्या कंपनीतल्या त्या मशीनवर. हातात कला आहे हो त्याच्या."

"कला मशीनच्या हातात आहे. हा नुसतं बटण दाबतो."

"मग तुम्ही दाबा की," असं म्हणून ती साडी बदलायला आत गेली.

आता 'ते मशीन' म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय सदानंदरावांच्या पोटात नेमकं कुठे दुखलं हे कळायचं नाही. मीना सलमान बंदराजवळ दारं, खिडक्या, हॉटेलांची काउंटरं करणारी एक जॉइनरी होती आणि सदानंदराव तिथे चौदा वर्षं परचेस ऑफिसर होते. तिथलं सीएनसी मशीन त्यांनीच मागवलं होतं. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, फ्लॉपीत घालायचं, की मशीन लाकडात ते तसंच्या तसं कोरून देतं. त्यासाठी त्यांनी इटलीला त्रेचाळीस फॅक्स केले होते. पाठवणाऱ्यांनी कागदावर सिरियल नंबरचा एक आकडा चुकवला म्हणून खोकं तेवीस दिवस बंदरात अडकलं, तेव्हा ऑगस्टच्या उन्हात टाय लावून रोज खेटे घालणारे सदानंदरावच होते. खोकं उघडल्यावर शेठनी मशीनवरून हात फिरवला आणि विचारलं, हे चालवणार कोण. त्यासाठी पुण्याहून जयेश आला, मशीन विभागाचा प्रमुख म्हणून. वय एकोणतीस. त्याला एसी केबिन मिळाली आणि राहायला फ्लॅट मिळाला तोही सदानंदरावांच्याच बिल्डिंगमध्ये, बरोबर त्यांच्या डोक्यावर.

त्यात हा मुलगा स्वभावाने चांगला होता. दुष्ट माणसाचा हेवा करण्यात एक सोय असते, निम्मं काम तोच करून देतो. चांगल्या माणसाचा हेवा करायचा तर सगळी मेहनत आपल्यालाच करावी लागते. जयेश भेटला की हसायचा, सामानाच्या पिशव्या वर आणून द्यायचा. अरुणाला तो 'वहिनी' म्हणायचा आणि सदानंदरावांना 'काका'. एकाच घरात हे नातं कसं बसवायचं, याचा सदानंदराव दोन वर्षं विचार करत होते. ते अवघे पंचेचाळीसचे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी फरसबीची भाजी बाजूला सारली. "त्या बोर्डावर चिरलेल्या भाजीला चव नाही."

"कालचीच आहे ती. विळीवर चिरलेली," अरुणा म्हणाली.

विळी मात्र सिंकखाली गेली होती. चौदा वर्षांपूर्वी ती सामानातून लपवून आणताना सदानंदरावांना घाम फुटला होता. तिच्या जागी ओट्यावर आता जयेशचं कमळ उमललं होतं, आणि अरुणा उभ्याने भाजी चिरत गाणं गुणगुणत होती. सदानंदरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. सण तसा जवळच होता.

शनिवारी ऑफिसला गेल्यावर त्यांनी आधी एक सर्कुलर काढलं. यापुढे कंपनीच्या मशीनवर केलेली कोणतीही खाजगी वस्तू गेटबाहेर नेताना तीन प्रतींत गेट पास भरावा, त्यावर मशीन विभागाच्या प्रमुखाची सही आणि शिक्का असावा, आणि ज्याची वस्तू त्याने स्वतःच्या पासवर स्वतः सही करू नये. म्हणजे जयेशने पुन्हा काही केलं तर स्वतःच्या शिक्क्याला स्वतःच अडकावा. सर्कुलर टाइप होऊन भिंतीवर लागलं तेव्हा आठवड्यात पहिल्यांदा त्यांना चहा गोड लागला.

एवढ्यावर थांबले असते तर पुढचं काही घडलंच नसतं. पण अरुणाचं हळदीकुंकू व्हायचं होतं. त्या वर्षी संक्रांत आणि रमजान एकाच महिन्यात आले होते, म्हणून तिने ईदच्या दुसऱ्या दिवशी, सगळ्यांना सुट्टी असताना, बायकांना बोलावलं होतं. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या ठरल्या होत्या.

"वाट्या राहू दे," सदानंदराव म्हणाले. "आपण बोर्ड देऊ. मी करणार."

अरुणाने त्यांच्याकडे बघितलं. घरातला बल्ब बदलायलाही सदानंदराव वॉचमनला बोलवत. "अहो, पूर्णिमाने नुकतेच दिलेत. पुन्हा तेच?"

"तेच कसं? त्याने कमळ केलं. कमळावर कोण बसतं?"

"कोण?"

"लक्ष्मी. मी लक्ष्मीची पावलं करणार."

कमळावर मात करायची तर कमळावर बसणारीच आणायला हवी, हा विचार त्यांना आंघोळ करताना सुचला होता आणि त्यात त्यांना कुठेही खोट दिसत नव्हती. खोट अरुणालाही दिसली नाही, कारण नवरा आपल्या हळदीकुंकवासाठी काहीतरी करतो आहे यानेच ती इतकी गोंधळली होती की तिने रांगोळीचा पावलांचा छाप लगेच काढून दिला. एकतीस करायचे असं सदानंदरावांनी मनात ठरवलं. एकतीस म्हणजे पंचवीसपेक्षा सहा जास्त.

मशीन चालवायचं म्हणजे हाशिमची मर्जी हवी. हाशिम रत्नागिरीकडचा, मशीनचा ऑपरेटर, आणि समोरच्याच फ्लॅटमध्ये राहणारा. त्याच्या बायकोने, नसीमाने, बातमी कळताच दारातूनच सल्ला दिला. "लाकूड फणसाचं घ्या, भावोजी. माझ्या माहेरी फणसाच्या पाटावर तीन पिढ्या मासळी कापतायत." बहारीनमध्ये फणसाचं लाकूड मिळत नाही, हे सांगितल्यावर ती म्हणाली, मग काही खरं नाय. खालचा किराणावाला म्हणाला, बोर्डाला खोबरेल तेल चोळा. तिसऱ्या मजल्यावरचे एक बँकवाले गृहस्थ म्हणाले, खोबरेल अजिबात नको, जवसाचं चोळा. सदानंदरावांनी दोघांचं मन राखायचं म्हणून दोन्ही मिसळून चोळायचं ठरवलं.

रमजानमुळे वर्कशॉप दोन वाजता बंद होई. त्यानंतर दोन तास मशीन वापरायला शेठनी परवानगी दिली, सागवान आणि मेपल या लाकडांचे टाकाऊ तुकडेही दिले. राहता राहिलं चित्र. चित्रं जयेशच्या कॉम्प्युटरवर होत, आणि जयेशला विचारण्यापेक्षा सदानंदरावांनी स्वतःच्या हाताने करवतीने पावलं कापली असती. तो आईच्या व्हिजिट व्हिसाची मुदत वाढवायला दोन दिवस रजेवर होता. त्याची आई गोदाबाई दोन महिन्यांपासून त्याच्याकडे होती. सदानंदराव केबिनमध्ये शिरले, त्यांनी एसी मुद्दाम दोन डिग्री वाढवला आणि मशीनचं मॅन्युअल उघडलं. मॅन्युअल त्यांनीच फाइल केलं होतं, त्यामुळे ते कुठे आहे एवढं त्यांना नक्की माहीत होतं.

दीड तासाने त्यांनी मॅन्युअल मिटलं आणि जयेशची कमळाची फाइल उघडली. त्यातलं कमळ पुसलं आणि तिथे पावलं काढली. कोरायची खोली, वेग, हत्यार, सगळं जयेशचंच राहिलं. याला चोरी म्हणता येणार नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं, कारण मशीनचा विमा त्यांनी काढला होता. छापावरून एक पाऊल टिपायला त्यांना पाऊण तास लागला. दुसरं पुन्हा कोण टिपत बसणार, म्हणून त्यांनी पहिल्याचीच कॉपी करून शेजारी ठेवली.

हाशिमने मशीन सुरू केलं. रोज्याचा दिवस, तोंड सुकलेलं, तरी तो हौसेने काम करत होता. सागवानात खाचा कोरल्या गेल्या, पांढऱ्या मेपलमधून पावलं कापली गेली, ग्लू लावून ती खाचांत बसली. पाच बोर्ड झाल्यावर हाशिम ते ओळीने मांडून बराच वेळ बघत उभा राहिला.

"साहेब, ही बाई चालनार कशी?"

"कोण बाई?"

"हीच. दोनी पावलां डावी हायत. नसीमाला असा चपलांचा जोड मिळाला तर ती दुकानदाराला जिता सोडायची नाय."

सदानंदरावांनी पाहिलं. दोन्ही अंगठे एकाच बाजूला होते. "ते मला दिसलंच होतं," ते म्हणाले. "तुझ्या लक्षात येतं का बघत होतो."

हाशिमने मान डोलावली. ते पाच बोर्ड त्याने भंगारात टाकले नाहीत. कुनाच्या का असेनात, देवाची पावलां, असं म्हणून त्याने ते उंच फळीवर नेऊन ठेवले. यावरून सदानंदरावांना काहीतरी कळायला हवं होतं, पण त्या वेळी ते वजाबाकीत गुंतले होते. लाकूड मोजकंच होतं. एकतीसातून पाच गेले, राहिले सव्वीस. जयेशपेक्षा अजूनही एक जास्त होता.

ते सव्वीस कसे झाले ते थोडक्यात सांगायला हवं. एका दिवशी घासताना सदानंदरावांचा टाय सँडरमध्ये गेला. खोबरेल आणि जवस यांचं मिश्रण वाळेना, म्हणून बोर्ड घरून नेलेल्या हेअर ड्रायरने वाळवले, त्यात ड्रायर गेला. अरुणाने ड्रायरबद्दल एक शब्द काढला नाही. उलट त्या संध्याकाळी तिने त्यांनी नमुना म्हणून पिशवीत घालून आणलेला एक बोर्ड मांडीवर घेऊन पावलांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "छान झालंय हो." हे वाक्य चांगलंच होतं. पण जयेशच्या बोर्डाला ती फक्त 'छान' म्हणाली नव्हती, जयेशच्या हातात कला आहे म्हणाली होती, आणि सदानंदराव आपल्या हातांबद्दल काही येतं का याची जेवण होईपर्यंत वाट बघत बसले. आलं नाही.

ईदच्या आदल्या दिवशी बाकीचे पंचवीस बोर्ड गाडीत घालून ते गेटवर आले. गेटवरच्या अन्सारने हात आडवा केला.

"सर, गेट पास?"

"अरे, मैं हूँ."

"मालूम है सर. लेकिन आपका सर्कुलर है." त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. "तीन कॉपी. सेक्शन हेड का साइन, स्टॅम्प. अपना खुद का नहीं चलेगा."

सदानंदरावांनी आपलंच सर्कुलर पहिल्यांदा वाचकाच्या बाजूने वाचलं. इंग्रजी निर्दोष होतं, कुठेही पळवाट नव्हती. जयेश एव्हाना घरी गेला होता आणि दोन वाजता गेट तीन दिवसांसाठी बंद होणार होतं. सदानंदराव गाडी गेटवरच ठेवून टॅक्सीने गुदैबियाला आले, जिने चढून वर गेले आणि चौदा वर्षांच्या नोकरीत घेतला नव्हता एवढा मोठा श्वास घेऊन त्यांनी बेल दाबली.

"काका, तुम्ही कशाला आलात, मला बोलवायचं," असं म्हणून जयेश तसाच सँडल घालून निघाला. केबिन उघडून त्याने तिन्ही प्रतींवर सही केली, शिक्का मारला, आणि मग गाडीतला एक बोर्ड हातात घेऊन त्यावर नख फिरवलं.

"फिटिंग झकास बसलंय, काका. माझ्या कमळाला बसलं होतं तसंच."

"हो. जरा अभ्यास केला," सदानंदराव म्हणाले.

जयेश हसला. त्या हसण्यात टोमणा असता तर सदानंदरावांची ईद आनंदात गेली असती. पण तसं काही नव्हतं, त्याला खरोखरच कौतुक वाटत होतं.

हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषांना घरात जागा नव्हती, म्हणून सदानंदराव वर जयेशकडे जाऊन बसले. खरं म्हणजे बसले नाहीत, जिन्याच्या कठड्याशी उभे राहिले. साडेसहाला बायका बाहेर पडू लागल्या. एकेकीने बोर्ड दोन्ही हातांत आडवा धरला होता, पावलांची बोटं पुढे करून, आणि सगळ्याजणी अरुणाच्या घराकडे तोंड करून दोन-तीन पावलं मागे मागे चालत मगच वळत होत्या. एकीने तर बोर्ड कपाळाला लावला. सदानंदरावांचा ऊर भरून आला. जयेशच्या कमळापुढे कोणी मागे मागे चाललं नव्हतं.

ते खाली धावले. अरुणा रिकाम्या तिळगुळाच्या ताटासमोर बसली होती.

"काय म्हणाल्या?"

"फार देखणे आहेत म्हणाल्या."

"मी म्हटलं नव्हतं?"

"गोदाबाईंनी विचारलं, सुरी कुठे लावायची."

सदानंदरावांना प्रश्न कळला नाही, म्हणून अरुणाने सगळं सांगितलं. बोर्ड वाटून झाले, सगळ्यांनी वाहवा केली, आणि मग गोदाबाईंनी चष्मा लावून विचारलं, अगं अरुणा, ही साक्षात लक्ष्मीची पावलं, यांवर बोंबील कोण कापणार. पूर्णिमा बिचारी म्हणाली, मागच्या बाजूने वापरू. त्यावर गोदाबाई म्हणाल्या, म्हणजे लक्ष्मीला ओट्यावर पालथी घालायची. कोणीतरी म्हणालं, मग कमळावर कसं चिरतो, तेही देवीचंच. गोदाबाई म्हणाल्या, कमळाचं काय, कमळकाकडीची तर भाजीच करतात.

"आणि मग त्या म्हणाल्या, नेताना बोटं या घराकडे करून न्या, नाहीतर पंचवीस लक्ष्म्या एकदम अरुणाच्या घरातून चालत्या व्हायच्या."

सदानंदराव खाली बसले. मागे मागे चालणं त्यांना आता वेगळंच दिसायला लागलं.

पुढचे आठ दिवस त्यांचे फार वाईट गेले. कुठल्या ना कुठल्या निमित्ताने ते घरोघर जाऊन आले. कुणाकडे पाण्याच्या बिलाची चौकशी, कुणाकडे मुलाच्या शाळेची. चहा येईपर्यंत ते पाणी पिण्याच्या बहाण्याने स्वयंपाकघरात डोकवत. सगळीकडे एकच चित्र होतं. त्यांचा बोर्ड देवघरात, त्याला हळदकुंकू वाहिलेलं, वर एखादं जास्वंदाचं फूल. आणि ओट्यावर जयेशचा बोर्ड, बिटाचे डाग पडलेला, कडेला कोथिंबीर चिकटलेली, सुरीच्या रेघांनी भरलेला. त्या डागांचा सदानंदरावांना असा हेवा वाटला की एका घरी त्यांनी चहा अर्धाच सोडला. आपल्या वस्तूला कोणी हात लावत नाही आणि दुसऱ्याच्या वस्तूवर रोज वांगी चिरली जातात, हे दुःख ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत.

जिन्यात जयेश भेटला. "काका, तुमचं बरंय. तुमच्या बोर्डाला रोज उदबत्ती. माझ्यावर आमच्याच घरी सुरमई कापतात," तो म्हणाला. हा आपलं मन राखायला बोलतोय अशी सदानंदरावांची खात्री झाली आणि ते त्या दिवशी त्याच्याशी लिफ्टमध्येही बोलले नाहीत.

नवव्या दिवशी शुक्रवार होता. अरुणा पोह्यांची तयारी करत होती. सदानंदराव पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि तिथेच थांबले. ती देवघरापुढे उभी होती. तिने त्यांचा बोर्ड उचलला, त्यावरचं फूल काढून तबकात ठेवलं, हळदकुंकू पदराने पुसलं, बोर्डाला नमस्कार केला आणि तो आणून ओट्यावर ठेवला. बरोबर दोन पावलांच्या मधोमध कांदा ठेवला आणि सुरी घेतली. ओट्यावर नेहमी असणारं कमळ कुठेच दिसत नव्हतं.

"अगं, हे काय करतेस?"

"कांदा चिरतेय."

"लक्ष्मीच्या पावलांवर?"

"हो." ती वळली नाही. "तिला सांगितलंय मी. आठ दिवस तुम्ही लोकांचे ओटे तपासत फिरताय. नसीमालाही विचारून आलात म्हणे, त्यांच्याकडे तरी कोणी वापरतं का."

"मी सहज विचारलं."

"लक्ष्मी समजून घेईल," अरुणा म्हणाली. "तुम्ही नाही घेणार."

सुरी खाली आली. कांद्याचे दोन भाग झाले आणि पात्याचं टोक डाव्या पावलाच्या अंगठ्यापाशी टेकलं. तिथे एक बारीक रेघ उमटली. अरुणाने सुरी धरल्या हातानेच पटकन पुन्हा एक नमस्कार केला. मंगळवारी साधं नखही न कापणारी ही बाई, आणि ती हे त्यांच्यासाठी करत होती. गेल्या महिनाभरात जयेशसाठी तिने जे काही तोंडाने म्हटलं होतं ते सगळं एका बाजूला, आणि हा एक कांदा एका बाजूला. त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला.

"थांब," ते म्हणाले.

त्यांनी तिच्या हातातून सुरी घेतली, कांदा ताटलीत काढला. बोर्ड ओल्या फडक्याने पुसला, रेघेवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा देवघरात नेऊन ठेवला, बोटं घराच्या आतल्या बाजूला करून. मग वाकून त्यांनी गॅसच्या सिलिंडरमागे हात घातला. आदल्या रात्री त्यांनीच लपवलेला जयेशचा बोर्ड तिथेच होता. तो त्यांनी धुतला, पुसला आणि स्वतःच्या हातांनी अरुणापुढे ठेवला.

तिने त्यांच्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि कमळावर कांदा चिरायला घेतला. सदानंदराव पेपर उघडून शेजारी उभे राहिले. कांदा फार बारीक आणि फार सुरेख चिरला जात होता, पण ते त्यांनी मनातल्या मनातसुद्धा कबूल केलं नाही.